हीट पंप घरात बसवताना डक्ट आणि वायुवीजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर सोलर पॅनेल आले आणि पाणी तापवायचे हीट पंप खाली उतरले: कोरड्या बाल्कनीत, जिन्याखालच्या खोलीत, कधी पोटमाळ्यावर. तेव्हापासून आमच्याकडे येणारे प्रश्न यंत्राबद्दल कमी आणि हवेबद्दल जास्त असतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ६ वाचाच. तो जिवाशी संबंधित आहे.

१. हीट पंपाला डक्ट मुळात लागतोच कशाला? गीझरला तर लागत नाही.

गीझर विजेपासून उष्णता तयार करतो. हीट पंप ती आजूबाजूच्या हवेतून उचलून पाण्यात टाकतो. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ८ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढीच वीज खातो, वर टाकीतून गळणारी उष्णता वेगळी. हीट पंप आपल्या हवामानात तेच काम अडीच-तीन युनिटांत करतो, कारण उरलेली पाचेक युनिटं हवेकडून आलेली असतात. हवा आत घ्यायची, तिची उष्णता काढायची, थंड झालेली हवा बाहेर टाकायची, असं हे चक्र चालतं. यंत्र उघड्यावर असेल तर हवेची चिंता नसते. बंद जागेत मात्र तीच थंड हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते आणि बचत आटत जाते. ते टाळायला डक्ट, म्हणजे हवा यंत्रापर्यंत आणणारा किंवा बाहेर नेणारा रुंद नळा.

२. आमचा हीट पंप स्प्लिट आहे. आम्हालाही डक्ट लागेल का?

नाही. स्प्लिटमध्ये पंखा आणि हवेतून उष्णता घेणारी कॉइल बाहेरच्या युनिटमध्ये असते. आत फक्त टाकी, आणि दोघांमध्ये तांब्याच्या नळ्या. बाहेरच्या युनिटला चारी बाजूंनी मोकळी हवा मिळते ना, तेवढं पाहा. खालची बहुतेक उत्तरं टाकीच्या डोक्यावरच पंखा आणि कॉम्प्रेसर असलेल्या एकसंध यंत्रांसाठी आहेत.

३. खोली किती मोठी असली म्हणजे डक्टशिवाय भागतं?

घरगुती यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये साधारण ७०० ते १००० घनफूट जागा मागितलेली असते. म्हणजे ८ बाय ९ ची, १० फूट उंचीची खोली ही खालची मर्यादा, आणि १० बाय १० ची खोली बरी. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच अंतिम माना.

यामागचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे "थोडी लहान खोली चालेल हो" असं कोणी म्हटलं तर फसायला होणार नाही. घरगुती यंत्र हवेतून साधारण सव्वा किलोवॉट उष्णता ओढतं. १० बाय १० च्या खोलीत हवा असते जेमतेम ३४ किलो. भिंती, लादी आणि दाराच्या फटी उष्णता देत नसत्या तर ती खोली पाचेक मिनिटांत १० अंशांनी थंड झाली असती. प्रत्यक्षात भिंती हात देतात म्हणून निभतं. पण खोली जितकी लहान, तितक्या भिंतीही कमी. ४ बाय ५ च्या माळ्यावर दार लावून ठेवलेलं यंत्र मी पाहिलं आहे. तासाभरात आतल्या हवेत हुडहुडी भरत होती, आणि घरमालकांची तक्रार होती की पाणी तापायला अख्खी दुपार जाते. यंत्रात काहीच बिघाड नव्हता.

४. खोली लहान आहे, पण दाराला लूव्हर लावलं तर?

चालतं, पण जाळीची मोकळी जागा मोजा, नुसती चौकट मोजू नका. लाकडी पट्ट्यांच्या लूव्हरमध्ये हवेला खरी वाट चौकटीच्या पाव भागाइतकीच मिळू शकते. पत्र्याच्या लूव्हरमध्ये ती बरीच जास्त असते. दाराला एक जाळी वर आणि एक खाली ठेवा. थंड हवा जड असल्याने ती खालून बाहेर पडते आणि वरून गरम हवा येते. एकच जाळी मध्यावर लावली तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या हवेची तिथेच गाठ पडते. दार जिथे उघडतं ती खोली मोठी आणि हवेशीर हवी, हे ओघानं आलंच.

५. एकच डक्ट टाकावा की दोन?

तीन पद्धती आहेत. दोन्ही डक्ट बाहेर, म्हणजे हवा बाहेरून घ्यायची आणि बाहेरच सोडायची. यात खोलीचा आकार बिनमहत्त्वाचा ठरतो आणि घरातल्या हवेला धक्का लागत नाही. जागा आणि खर्च जमत असेल तर मी डोळे मिटून हीच निवडतो.

दुसरी पद्धत, हवा खोलीतून घ्यायची आणि फक्त थंड हवा बाहेर टाकायची. डक्ट अर्धा वाचतो. पण ताशी ३०० घनमीटर हवा घराबाहेर फेकली तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला निदान १ चौरस फूट खरी मोकळी जाळी ठेवा, नाहीतर घरात हवेचा दाब कमी होतो. दारं जड होतात, नहाणी ट्रॅपमधून वास वर येतो. आणि प्रश्न ६ मधला धोका उभा राहतो.

तिसरी पद्धत, हवा बाहेरून घेऊन थंड हवा घरात सोडायची. तिच्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

६. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि शेजारच्या खोलीत हीट पंप बसवायचा आहे. काही अडचण?

मोठी अडचण आहे. हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

गॅस गीझर खोलीतलीच हवा जाळतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. आता शेजारी हीट पंप घरातली हवा ओढून बाहेर फेकू लागला, तर घरातला दाब कमी होतो आणि वर जाणारा जळका वायू उलटा घरात खेचला जातो. दाराखालची फट त्याला पुरेशी असते. "खोल्या वेगळ्या आहेत" हा बचाव होऊ शकत नाही.

उपाय दोनच. गॅस गीझर काढून टाका. हीट पंप आल्यावर तो ठेवायचं कारणही बहुधा उरत नाही. तो ठेवायचाच असेल तर गीझर घराबाहेर हवेशीर जागी न्या आणि हीट पंपाचे दोन्ही डक्ट बाहेर काढा. कोळशाची शेगडी, बंब किंवा जनरेटर असलेल्या जागेलाही हाच नियम लागू. यात तडजोड करून काम घेणारा फिटर असेल तर त्याला काम देऊ नका.

७. डक्ट किती इंची? चार इंची पाइप घरात पडलेला आहे, तो चालेल का?

नाही चालणार. ताशी ३०० घनमीटर, म्हणजे साधारण १७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा धरा. चार इंची पाइपात तिचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर जातो, सहा इंचीत साडेचार, आठ इंचीत जेमतेम अडीच. घरात चारच्या आत वेग ठेवला तर शिट्टी वाजत नाही. म्हणून या यंत्राला आठ इंची योग्य. सहा इंची लांबी अगदी कमी असेल तरच.

आवाजापेक्षा मोठी गोष्ट घर्षणाची. हवा तेवढीच ठेवली तर व्यास वाढला की घर्षण साधारण पाचव्या घातानं कमी होतं. सहावरून आठ इंचावर गेलात तर ते चौथ्या हिश्श्यावर येतं. डक्टवाला "दोन इंचानं काय होतंय" म्हणेल तेव्हा हे आठवा.

प्रत्येक यंत्राच्या पंख्याची ढकलायची ताकद ठरलेली असते आणि ती पुस्तिकेत पास्कलमध्ये (दाबाचं एकक) दिलेली असते. घेणारा डक्ट, सोडणारा डक्ट, सगळी वळणं आणि दोन्ही टोकांच्या जाळ्या मिळून तेवढ्यात बसायला हवं. काटकोनातलं एक वळण हे दीड ते तीन मीटर सरळ डक्टाइतकं भारी पडतं. शक्य तिथे दोन ४५ अंशांची वळणं घ्या. बाहेरची जाळी हिशेबात धरायला लोक हमखास विसरतात.

८. डक्ट कशाचा घ्यावा?

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा गोल डक्ट हा जुना, भरवशाचा मार्ग. पत्र्याच्या डक्टांसाठी आयएस ६५५ हे भारतीय मानक आहे, कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख मागा. रत्नागिरी, अलिबाग, गोवा अशा खाऱ्या हवेत जीआय लवकर गंजतो. तिथे ॲल्युमिनियम किंवा जाड पीव्हीसी बरा, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. १६० मि.मी.चा एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचा पीव्हीसी) पाइप आतून गुळगुळीत असतो, गंजत नाही, सगळीकडे मिळतो. लहान अंतराला तो मी आनंदानं वापरतो, व्यासाचं गणित बसत असेल तर. त्याचे सांधे रबर रिंगनं घट्ट बसतात. मात्र जिना किंवा लॉबी आगीपासून वेगळी करणाऱ्या भिंतीतून पीव्हीसी नेऊ नका.

फ्लेक्सिबल डक्ट, म्हणजे तो चुरगळणारा चंदेरी नळा, फक्त शेवटच्या फूट-दीड फुटासाठी, आणि पूर्ण ताणून. चुण्या राहिल्या तर त्याचा विरोध दुपटीच्याही पुढे जातो. उरलेली लांबी माळ्यावर वेटोळं करून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. कापून टाका.

सांध्यांना सीलंट आणि ॲल्युमिनियम टेप. कापडी किंवा पॅकिंगची टेप पहिल्या पावसाळ्यातच सुटते.

९. डक्टच्या बाहेरून पाणी ठिबकतंय. गळती आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो डक्टला फुटलेला घाम आहे. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. तुमच्या डक्टमधली हवा २० च्या आसपास असते. घाम येणारच. तो फॉल्स सीलिंगवर पडतो, पीओपी पिवळं पडतं, मग बुरशी.

सोडणाऱ्या डक्टला पूर्ण लांबीभर बंद पेशींचं नायट्रिल इन्सुलेशन लावा. देशावर १३ मि.मी. बहुधा पुरतं, मुंबई-कोकणात १९ मि.मी. घ्या. ग्लासवूल लावलंत तर बाहेरचा वाफरोधक थर एका जागीही फाटता कामा नये. एकदा ओलं झालेलं ग्लासवूल वाळत नाही. हँगरची पट्टी इन्सुलेशनला चेपत असेल तर तिथे खाली रुंद पत्रा द्या, कारण ठिबकायला सुरुवात नेमकी त्या चेपलेल्या जागी होते. हवा घेणाऱ्या डक्टला एरवी इन्सुलेशन लागत नाही. तो एसीच्या खोलीतून जात असेल तर मात्र लावा, कारण मग घाम आतून येतो.

१०. यंत्रातून पाणी किती निघतं आणि ते कुठे सोडायचं?

पावसाळ्यात किनारपट्टीवर ताशी अर्धा ते पाऊण लिटर. देशावर एप्रिलमध्ये जवळजवळ काहीच नाही. एसीच्या पाण्यासारखंच हे हवेतलं बाष्प आहे.

निचऱ्याच्या नळीला सलग उतार द्या आणि ती नहाणी ट्रॅपच्या जाळीवर मोकळी सोडा. ड्रेनेजच्या पाइपात थेट घुसवू नका. यंत्रातला ट्रे पंख्याच्या ओढीखाली असेल तर नळीला पाण्याचा सील (नळीच्या वाकात साचून हवा अडवणारं पाणी) लागतो, नाहीतर पाणी उतरण्याऐवजी हवाच वर खेचली जाते आणि ट्रे भरून वाहतो. उन्हाळ्यात हा सील सुकतो. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.

११. सोसायटीच्या डक्टमध्ये हवा सोडली तर? खिडकी आहेच तिकडे.

शब्दांचा गोंधळ आधी सोडवू. इमारतीचा डक्ट म्हणजे बाथरूम-संडासाचे पाइप जातात तो उघडा चौक. तिथे हीट पंपाचं तोंड काढू नये असं माझं ठाम मत आहे.

थंड हवा जड असते. अरुंद चौकात ती खाली बसते, आणि तुम्ही हवाही तिथूनच घेत असाल तर आपलीच थंड हवा पुन्हा ओढता. खालच्या मजल्यांच्या खिडक्यांतून ती त्यांच्या घरात शिरते. ड्रेनेजच्या वायूंनी तांब्याची कॉइल खराब होते. कबुतरांची पिसं आणि विष्ठा फिल्टरवर येते. दहाव्या मजल्यावर, वरून उघड्या, रुंद चौकात एखादं तोंड निभून जातं. दहा घरांनी तेच केलं तर कोणाचंच निभत नाही. सोसायटीची लेखी परवानगी तर लागतेच.

१२. भिंतीला भोक कुठे आणि कसं पाडावं?

आठ इंची डक्ट आणि त्याचं इन्सुलेशन मिळून दहा इंची भोक लागतं. ते कोअर कटिंगनंच (गोल कापणाऱ्या ड्रिल मशिननं) करा. हातोडा-छिन्नीनं वीटकाम हलतं आणि प्लास्टरला भेगा जातात. बीम, कॉलम आणि शिअर वॉल (इमारतीचा भार पेलणारी काँक्रीटची भिंत) यांना कधीही हात लावू नका. अलीकडच्या अनेक उंच इमारतींत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय मशिन भिंतीला टेकवूही नका. अशा घरात खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पॅनेल बसवून त्यातून डक्ट काढणं सोपं पडतं.

दिशा फार महत्त्वाची. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. पश्चिम-दक्षिणेची भिंत टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर खाली वळलेली टोपी लावा आणि डक्टला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. भोकात आधी पाइपची स्लीव्ह, भोवती आकुंचन न पावणारं ग्राउट, वर पीयू सीलंट. नुसतं सिमेंट भरलं तर शेजारच्या खोलीत ओल उतरते.

घेणारं आणि सोडणारं तोंड एकाच भिंतीवर असेल तर मध्ये निदान पाच फूट अंतर ठेवा. वेगवेगळ्या भिंतींवर असतील तर उत्तम. पक्ष्यांसाठी अर्ध्या इंचाची जाळी पुरे. डासांची बारीक जाळी धुळीनं महिन्याभरात बुजते.

१३. ती थंड हवा स्वयंपाकघरात सोडता येईल का? मे महिन्यात छान होईल.

येते, आणि खरंच छान होतं. हवा खोलीतल्यापेक्षा साधारण ६ ते १० अंशांनी थंड आणि बरीच कोरडी असते. पण हा एसी नव्हे. सव्वा किलोवॉट म्हणजे टनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त थंडाई, आणि तीही पाणी तापत असेल तेवढाच वेळ.

डक्टमध्ये डँपर, म्हणजे हवेची वाट बदलणारी झडप घाला. उन्हाळ्यात हवा घरात, डिसेंबर-जानेवारीत बाहेर. गॅसच्या शेगडीवर थेट झोत येणार नाही अशी जाळी फिरवा, ज्योत हलता कामा नये. दोन घरांत मी ही हवा धान्याच्या कोठीच्या खोलीत सोडली. पावसाळ्यात तिथलं दमटपण कमी झालेलं घरच्या बायकांनी माझ्या आधी ओळखलं.

१४. मग उलट, स्वयंपाकघरातली गरम हवा यंत्राला दिली तर?

विचार योग्य आहे, अडचण तेलाची आहे. फोडणीचा धूर कॉइलच्या पातळ पत्र्यांवर बसतो आणि वर धूळ चिकटून नमदा तयार होतो. चिमणीच्या वाटेपासून दूर, छताजवळून आणि धुता येणाऱ्या फिल्टरमधून हवा घेतली तर चालतं. चिमणीचा किंवा संडासाच्या एक्झॉस्टचा डक्ट मात्र यंत्राला जोडू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीची खोलीही नको, आम्लाच्या वाफा कॉइल खातात.

१५. यंत्रावर आर-२९० लिहिलंय. घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

आर-२९० म्हणजे प्रोपेन, यंत्राच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणारा वायू. तो ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड. सुमारे १५० ग्रॅमपर्यंत भरणा असेल तर आंतरराष्ट्रीय मानकात खोलीच्या किमान आकाराची अट येत नाही. त्याहून जास्त असेल तर पुस्तिकेतलं किमान क्षेत्रफळ पाळावंच लागतं. भरणा नेमप्लेटवर लिहिलेला असतो. खोलीच्या तळाशी हवेची वाट ठेवा आणि जवळ ठिणगी किंवा उघडी ज्योत नको. आर-१३४ए आणि आर-४१०ए पेट घेत नाहीत. आर-३२ सौम्य ज्वलनशील.

१६. आवाज शेजारी ऐकू येतो. काय करावं?

आधी घरघर आहे की वारा, ते ओळखा. घरघर म्हणजे कंपन. यंत्राखाली रबरी पॅड आणि डक्टच्या सुरुवातीला कॅनव्हास कनेक्शन घाला. वाऱ्याचा आवाज म्हणजे डक्ट बारीक आहे, प्रश्न ७ पाहा. बेडरूमच्या भिंतीला यंत्र टेकवू नका.

१७. नाशिक, महाबळेश्वरच्या थंडीत बाहेरची हवा घेऊन चालेल का?

चालेल, वेळ निवडा. हवा ५ अंशांच्या आसपास आली की कॉइलवर बर्फ जमतो आणि यंत्राला मधूनमधून तो वितळवावा लागतो. निफाडकडे पहाटे असं घडतं. पण त्याच दिवशी दुपारी हवा २५ च्या पुढे असते. टायमर लावून दुपारी १२ ते ४ पाणी तापवा. चांगल्या इन्सुलेशनची टाकी सकाळपर्यंत धरून ठेवते. डक्टमध्ये बदल करण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

१८. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या तळघरात हेच यंत्र आहे. तिथले नियम वेगळे का?

तत्त्वं तीच, हिशेब वेगळा. तिथे हिवाळ्यात घर पैसे मोजून गरम केलेलं असतं, आणि हीट पंप तीच उष्णता उचलतो. तरीही जिथे शून्याखालची हवा घ्यावी लागेल तिथे ती बाहेरून घेण्यात अर्थ नाही. एका मर्यादेखाली ही यंत्रं हीट पंप बंद करून साध्या हीटरवर जातात. उन्हाळ्यात तळघर कोरडं राहतं हा फायदा. गॅसची भट्टी त्याच तळघरात असेल तर प्रश्न ६ तिथेही लागू.

१९. काम झाल्यावर नीट झालंय हे कसं तपासायचं?

यंत्र अर्धा तास चालू द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक ६ ते १० अंश असेल तर ठीक. १५ च्या वर गेला तर हवा कमी पडते आहे: डक्ट बारीक, जाळी बुजलेली किंवा फ्लेक्सिबल चेपलेला. फिटरकडे ॲनिमोमीटर असतो, त्यानं बाहेरच्या तोंडाशी चार-पाच ठिकाणी वेग मोजून सरासरी काढायला लावा. सरासरी गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे हवा. आकडा पुस्तिकेशी ताडून बिलावर लिहून घ्या.

नंतर सगळ्या खिडक्या बंद करून घराचं मुख्य दार हलकेच उघडा. ते आत ओढल्यासारखं वाटलं तर भरपाईची हवा कमी आहे. प्रश्न ५ मधली जाळी मोठी करा. घरात गॅस गीझर मात्र तरीही लावू नका, प्रश्न ६ पाहा.

२०. देखभाल किती?

फिल्टर महिन्याला धुवा. शेजारी बांधकाम चालू असेल तर पंधरवड्याला. पावसाळ्याआधी बाहेरची जाळी झाडा, घरटं आहे का बघा. ट्रेमध्ये पाणी साचून राहत असेल तर तिथे डेंग्यूचे डास वाढतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबर दर रविवारी टॉर्च घेऊन तो एकदा पाहा. पाणी दिसलं तर नळीचा उतार बिघडला आहे किंवा तिच्यात शेवाळ अडकलं आहे. नळी काढून गरम पाण्यानं धुतली की बहुतेक वेळा मोकळी होते.